"काढलंच आहे तर...": घाटात बंद पडणारी पद्मिनी आणि दर वेळी फुगणारं बिल

ज्यांच्याकडे जुनी फियाट किंवा पद्मिनी आहे आणि जी गरम झाल्यावर चढावर बंद पडते, दहा मिनिटांनी काहीच झालं नाही अशी सुरू होते, आणि गॅरेजमध्ये नेली की एकदम शहाण्यासारखी वागते, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझे या एका दुखण्यावर दोन वर्षांत २७,००० रुपये गेले आणि खरं कारण निघालं तेव्हा त्याचं बिल ३,४०० झालं. आधी थोडी गोष्ट, मग तपासायचं कसं ते. घाई असेल तर बाटलीवाल्या टेस्टपर्यंत थेट खाली जा.

गाडी बाबांची. १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, पेट्रोल, १०८९ सीसी, गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर. बाबांनी नंबर लावून किती वाट बघितली याच्या कथा घरात अजून चालतात. बाबा गेले, गाडी राहिली, आणि आईचा हट्ट की वाईला मावशीकडे जायचं तर हिच्यातूनच. पुण्याहून निघायचं, शिरवळला चहा, आणि मग खंबाटकी. घाटाचा निम्मा चढ झाला की गाडी आधी एक गचका खाणार, मग दोन, मग रेस दिली तरी ओढणार नाही आणि मग हळूहळू मरणार. मागे ट्रकवाले हॉर्न वाजवतायत, आई मागच्या सीटवरून शांतपणे स्टीलचा डबा पुढे करतेय. डब्यात ओलं फडकं. ते पेट्रोल पंपावर, म्हणजे इंजिनच्या अंगाला असतो त्या छोट्या पंपावर, गुंडाळायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि सेल्फ मारायचा. सुरू! आई म्हणणार, बघ, तुझे बाबा हेच करायचे.

आता या फडक्याने माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं. कारण फडकं लावलं की सुरू होते म्हणजे दुखणं उष्णतेचं, हे सगळ्यांनी धरून टाकलं. मी धरलं, आमच्या नानांनी धरलं (नाना म्हणजे आमचे मिस्त्री, माणूस प्रामाणिक, हात सोन्याचा, पण एकदा नट खोलला की थांबत नाहीत). मग उष्णतेशी संबंध असलेली एकेक गोष्ट आम्ही बदलत गेलो. आधी कार्ब्युरेटरचं (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देतो तो) किट आणि सफाई, २,८००. चार महिने गेले, परत खंबाटकी, परत डबा. मग कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंट, म्हणजे ठिणगी पाडणारं सामान, कारण कॉइल गरम झाली की स्पार्क सोडते, १,९००. मग पेट्रोल पंपच नवीन, १,६००. मग रेडिएटरचा कोअर, ६,५००. आणि मग नाना म्हणाले ताई, गॅस्केट (इंजिन आणि त्याच्या वरच्या झाकणामधलं, म्हणजे हेडखालचं पॅकिंग) शंभर टक्के, हेड खोलू, आणि काढलंच आहे तर फेसिंग करून घेऊ आणि काढलंच आहे तर व्हॉल्व्ह पण घासून घेऊ, १४,२००. मिळून झाले २७,०००, आणि त्या हेडच्या कामानंतर पहिल्याच रविवारी गाडी खंबाटकीत नेमक्या त्याच वळणाच्या पुढे बंद पडली. आईने डबा पुढे केला. मी रडायचीच बाकी होते.

त्या दिवशी चिडून म्हणा किंवा थकून म्हणा, मी फडकं लावलंच नाही. बॉनेट पण उघडलं नाही. हॅझर्ड वगैरे आमच्या गाडीत नाहीच, मागे दगड आणि त्रिकोण ठेवला, घड्याळ लावलं आणि बसले. दहा मिनिटांनी सेल्फ मारला, सुरू. पुढे एक किलोमीटरवर परत मेली, तेव्हा दोनच मिनिटं थांबले. सुरू! म्हणजे फडकं काम करतच नव्हतं. थांबणं काम करत होतं. आणि दोन मिनिटांत काय इंजिन थंड होतंय मे महिन्यात? नाहीच. म्हणजे थांबल्यावर दुसरंच काहीतरी होत होतं, आणि ते उष्णतेचं नव्हतं.

बाबांच्या वेळी फडकं खरंच लागत असेल, तो भाग वेगळा. पंपात किंवा नळीत पेट्रोल गरम होऊन त्याची वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो आणि कार्ब्युरेटरला पेट्रोल जात नाही, हे होतं, अजूनही होतं, आणि तेव्हा पंप गार केला की फरक पडतो. पण ते साधारण कधी होतं बघा: गाडी चांगली तापलेली आहे, तुम्ही टोलनाक्यावर किंवा ट्रॅफिकमध्ये उभे आहात, हवा खेळत नाही, किंवा बंद करून पाच मिनिटं चहाला थांबलात आणि आता सुरू होत नाही. म्हणजे उभं राहिल्यावर होतं. माझी गाडी उभी राहिल्यावर सुधारत होती आणि दाबून चालवल्यावर बिघडत होती, म्हणजे बरोबर उलटं. हा साधा प्रश्न दोन वर्षांत मला कोणी विचारला नाही आणि मी स्वतःलाही विचारला नाही.

तर तपासायची सुरुवात इथून करायची, एक रुपया खर्च न करता. गाडी मरते कशी ते नीट आठवा, शक्य असेल तर शेजारी बसलेल्याला मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला सांगा. बटण बंद केल्यासारखी एका क्षणात गप्प झाली तर बहुतेक करंटचं दुखणं, म्हणजे कॉइल, कंडेन्सर, एखादी सैल वायर, इग्निशनचा स्विच. गचके खात, ओढ कमी होत होत, रेस सोडली की जरा बरी वाटून मग मेली तर बहुतेक पेट्रोल पोचत नाहीये. बहुतेक म्हणतेय, शंभर टक्के नाही, पण यावरून शोध कुठे सुरू करायचा ते कळतं. माझी पहिल्या दिवसापासून दुसऱ्या प्रकाराने मरत होती आणि मी कॉइलचे पैसे भरून बसले.

मग बंद पडली की लगेच, तिथेच, दोन गोष्टी बघायच्या. आधी स्पार्क, पेट्रोलचं काही उघडायच्या आधी, हा क्रम महत्त्वाचा आहे. एक जादा प्लग गाडीत ठेवायचा, एका सिलिंडरची प्लगची वायर काढून त्याला लावायची, प्लगचं लोखंड इंजिनला टेकवून ठेवायचं (हाताने धरू नका, झटका बसतो, अनुभव आहे) आणि दुसऱ्याने सेल्फ मारायचा. निळसर कडक ठिणगी पडत असेल तर करंट ठीक. वायर परत जागेवर. मग एअर फिल्टरचं झाकण काढून कार्ब्युरेटरच्या घशात वरून बघायचं, इंजिन बंद, आणि हाताने अ‍ॅक्सिलरेटरची तार एकदा ओढायची. पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला पाहिजे. उडाली तर वाटीत, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठतं तिथे, पेट्रोल आहे. नाही उडाली तर बहुतेक वाटी कोरडी आहे, आणि मग कार्ब्युरेटर बिचारा बहुतेक निर्दोष आहे, त्याला मिळालंच नाही तर तो देणार कुठून. आसपास कोणी बिडी पेटवून मदतीला आलेला नाही ना ते बघा, घाटात मदतीला येणारा दर दुसरा माणूस तसाच येतो.

माझी वाटी कोरडी होती. म्हणजे टाकी ते कार्ब्युरेटर या प्रवासात कुठेतरी पेट्रोल अडतंय. आता बाटलीची टेस्ट, ही घरी, मोकळ्या हवेत, इंजिन पूर्ण गार असताना करायची, जवळ अग्निशामक नळकांडं पाहिजे, आणि कॉइलवरून डिस्ट्रिब्युटरकडे (पॉइंट असतात त्या डब्याकडे) जाणारी बारीक वायर काढून ठेवायची म्हणजे गाडी सुरूही होणार नाही आणि ठिणगीही नाही. कार्ब्युरेटरला येणारी नळी काढून ती एका स्वच्छ पारदर्शक बाटलीत सोडायची, पेट्रोलने विरघळणार नाही अशी, काचेची बरी. दुसऱ्याने दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारायचा, मग स्टार्टरला जरा विश्रांती, परत मारायचा. ठोक्याठोक्याने चांगली धार यायला पाहिजे. धारेबरोबर बुडबुडे येत असतील तर पंपाच्या आधी कुठेतरी नळी हवा ओढतेय. धार सुरुवातीला चांगली आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला थेंबथेंब, तर मागे काहीतरी तुंबतंय. माझं हे झालं.

पण दोष पंपाचा की मागचा? त्यासाठी पंपाकडे येणारी टाकीची नळी काढायची, तिचं तोंड बंद करायचं, आणि पंपाला वेगळा नळीचा तुकडा लावून तो स्वच्छ पेट्रोलच्या छोट्या डब्यात बुडवायचा. परत सेल्फ. माझ्या गाडीत डब्यातून ओढताना पाचही वेळा धार एकसारखी, टाकीतून ओढताना तिसऱ्यांदा मेली. संपलं. पंप ठीक, कार्ब्युरेटर ठीक, इंजिन ठीक. चोर मागे बसलाय. या सगळ्याला मला आणि भावाला एक तास लागला आणि खर्च शून्य, आणि मी हिशोब करत बसले की हे दोन वर्षं आधी केलं असतं तर काय काय आलं असतं २७,००० मध्ये.

अजून दोन खुणा सांगते ज्या हमखास टाकीकडे बोट दाखवतात. पहिली, टाकीचं झाकण. बंद पडल्यावर झाकण उघडलंत आणि सुस्स करून हवा आत गेल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर गाडी लगेच नीट चालली, तर टाकीला श्वास घ्यायला जागा नाहीये, पेट्रोल ओढलं जातं तशी आत हवा जात नाही. बाजारातून आणलेलं नवं घट्ट झाकण बसवल्यावर हे होतं, आणि उपाय फुकटात जमा. दुसरी, कोणी मिस्त्रीने नळीतून मागे टाकीकडे हवा मारली आणि गाडी आठ-पंधरा दिवस झक्कास चालून परत तशीच झाली, तर टाकीत कचरा आहे आणि हवेने तो फक्त बाजूला गेला होता. नानांनी हे केलं होतं आणि आम्हाला वाटलं पंपामुळे बरं झालं, कारण त्याच दिवशी पंप पण बदलला होता. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की कशाने गुण आला ते कळत नाही, हे डॉक्टरचं तसंच गाडीचं.

टाकी खाली उतरवली. आतून जे निघालं ते मी परातीत घेऊन फोटो काढून ठेवलाय. तांबूस गंजाचा गाळ तर होताच, पण त्याच्याबरोबर कांद्याच्या सालीसारखे पातळ पापुद्रे. कधीतरी बाबांच्या काळात टाकी गळत होती म्हणून आतून लेप लावून घेतला होता, तो लेप सुटून त्याचे पापुद्रे टाकीत तरंगत होते. चढावर रेस दिली की ओढ वाढते, एखादा पापुद्रा नळीच्या तोंडावर जाऊन चिकटतो, पेट्रोल बंद. गाडी मेली की ओढ संपते, पापुद्रा गळून पडतो, आणि आपण तेवढ्यात फडकं गुंडाळत असतो!

लेप आत्ताच का सुटला याचं माझं उत्तर इथेनॉल. २०२५ पर्यंत पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आलं, त्याच्या आधी १० टक्के होतंच. इथेनॉल चांगला विद्रावक आहे, जुना चिकटा, वार्निश, काही जातीचे लेप सोडवतो, हवेतलं पाणी धरतो आणि पाणी जास्त झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं, पत्र्याच्या टाकीत तळाला पाणी म्हणजे गंजाला आमंत्रण. जुन्या रबरी नळ्या आतून फुगतात किंवा मऊ पडतात, बाहेरून बघाल तर नवीन वाटतात. माझी पंपाजवळची नळी कापून बघितली तर आतलं भोक निम्मं राहिलं होतं. १९८४ च्या गाडीच्या रबराने इथेनॉल कधी बघितलंच नव्हतं, त्याला दोष काय द्यायचा. शिवाय लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज पडतं, आणि इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो म्हणून पेट्रोल-हवेचं मिक्श्चर पण थोडं पातळ चालतं. त्यासाठी मिस्त्रीकडून मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) तपासून घ्या, पण नळ्या आणि टाकी झाल्यानंतर, आधी नाही.

दुरुस्ती काय केली ते सांगते. टाकी रेडिएटरवाल्याकडे दिली, त्यांना रिकाम्या टाकीचं काम माहीत असतं. एक गोष्ट हात जोडून सांगते, पेट्रोलच्या टाकीला घरी किंवा साध्या वेल्डिंगवाल्याकडे वेल्डिंग करू नका. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा वाईट, आत वाफ असते, बॉम्बच तो. त्यांनी जुना लेप काढला, आतून लिंबूसत्त्वाच्या पाण्याने गंज उतरवला, मग सोड्याच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवली, एक बारीक भोक होतं ते झाळून दिलं. नवा लेप मी लावून घेतला नाही, हा माझा निर्णय, गळत नसेल तर लेप कशाला, उद्याचे पापुद्रे. सगळ्या रबरी नळ्या बदलल्या, या वेळी इथेनॉल चालणाऱ्या, फ्लोरो रबरचं अस्तर असलेल्या, दुकानात एसएई जे ३० आर ९ छापलेली मागा, महाग पडते पण एकदाच. पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर, म्हणजे आत काय येतंय ते दिसतं. एकूण ३,४००, त्यात फिल्टर दोन, एक डिकीत. पंधरा दिवसांनी फिल्टरमध्ये थोडा तांबूस कचरा दिसला, बदलला, त्यानंतर स्वच्छ आहे. आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवते, रिकाम्या जागेत दमट हवा कमी.

इथपर्यंत ठीक. पण खरा खर्च इथून सुरू होणार होता, आणि तोच मला सांगायचाय.

टाकी खाली आल्यावर वरचा डिकीचा पत्रा दिसला, आणि त्यात बोट जाईल एवढी दोन भोकं. नाना म्हणाले, ताई, काढलंच आहे तर एवढा पत्रा मारून घेऊ, ९,०००. मी हो म्हणणार तेवढ्यात म्हणाले, पण गॅस लावला की रंग जळणार, मग मागचा भाग रंगवावा लागेल. मागचा रंगवला तर पुढचा जुना दिसेल, मग अख्खी. अख्खी रंगवायची तर काचा काढायच्या, काचा काढल्या की रबरं तुटणार, रबरं जुनी मिळत नाहीत, मिळतात ती कडक. आणि काचा काढल्याच आहेत तर आतलं छत. चहा संपेपर्यंत ९,००० चे १,४०,००० झाले होते आणि एकही वाक्य खोटं नव्हतं! प्रत्येक पायरी त्याच्या आधीच्या पायरीवरून बरोबरच होती. ही मिस्त्रीची लबाडी म्हणत नाही मी, जुन्या गाडीत सगळं सगळ्याला जोडलेलं असतं, त्यामुळे कुठेतरी मालकानेच चाकू ठेवावा लागतो.

मी काय केलं, नानांना म्हटलं थांबा, आणि एका पानावर चार ओळी लिहिल्या. गाडी थांबवणारं, माणूस मारणारं, दर पावसाळ्याला वाढणारं, आणि नुसतं दिसायला वाईट. मग प्रत्येक काम यातल्या कुठल्या ओळीत बसतं ते विचारलं. ब्रेक दुसऱ्या ओळीत, चारही चाकांना ड्रम आहेत, एकाचा सिलिंडर झिरपत होता, तो टर्नरकडे देऊन आत स्टीलचा स्लीव्ह टाकून घेतला, नवीन चांगला मिळेलच असं नाही आणि लोकल मिळतो त्याचा भरवसा नाही. डिकीचा पत्रा तिसऱ्या ओळीत. रंग, छत, बंपरचं क्रोम चौथ्या ओळीत आणि चौथी ओळ आजतागायत तशीच आहे.

गंजाच्या बाबतीत एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. या गाडीला खाली वेगळी चासी नाही, बॉडीच चासी आहे. त्यामुळे दाराखालची पट्टी, जॅक लावायची जागा, मागच्या पाट्यांचे हँगर जिथे बसतात तो भाग, तिथला गंज हा दिसण्याचा विषय नाही, दुसऱ्या ओळीचा आहे. फ्रिजवरचं चुंबक घ्या, मऊ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही किंवा त्यावर जाड लांबी (पुट्टी) भरलेली आहे. आणि खालून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा, चांगला पत्रा टण् वाजतो, सडलेला धप्प. माझ्या डाव्या पट्टीत चुंबक वीतभर चिकटत नव्हतं, वरून रंग एकदम चकाचक. कोणीतरी कधीतरी आधी रंग केला होता आणि पत्रा नंतर बघू म्हणून सोडला होता. म्हणून रंग नेहमी शेवटी. आधी रंग केलात तर दोन वर्षांत परत कापायला लागतो आणि दोनदा पैसे. डिकी आणि डावी पट्टी मिळून २१,००० झाले, तो भाग नुसता काळा मारून ठेवलाय, रंगाशी जुळत नाही, आई नाक मुरडते.

आता पार्ट्सचं. दर वेळी गेलं की भाव वाढलेला असतो आणि आपल्याला वाटतं दुकानदार लुबाडतोय. थोडंफार तेही असेल, पण मोठं कारण मुंबईच्या टॅक्सी. जोवर हजारोंनी काळ्यापिवळ्या पद्मिनी रस्त्यावर होत्या तोवर बुश, गॅस्केट, रबरं, ब्रेकचं सामान बनवणारे छोटे कारखाने चालत होते, कारण टॅक्सीवाल्याला रोज लागायचं. आणि जुन्या टॅक्सी भंगारात निघायच्या त्यातून गिअरबॉक्स, दारं, डिफरन्शियल मिळायचं. गाडीचं उत्पादन २००० च्या आसपास संपलं, शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणजे ऑक्टोबर २०२३ अखेर सगळं बंद. तेव्हा सगळे फोटो काढून हळहळत होते. टॅक्सी गेल्या तसं गिऱ्हाईक गेलं, गिऱ्हाईक गेलं तसं बनवणारे गेले, आणि उरलेला माल ज्याच्याकडे आहे त्याला कळलं की आता हौशी लोक येणार. त्यामुळे भाव खाली येतील याची वाट बघत बसू नका. पुढच्या पाच वर्षांत झिजणार हे नक्की असलेलं सामान, म्हणजे ब्रेकचे वॉशर, पंपाचा डायफ्राम, क्लच प्लेट, काचांची रबरं, चांगलं दिसलं की घेऊन ठेवा. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, आणि नशीब असेल तर जुना बाजार. जाताना तुटका पार्ट पिशवीत घेऊन जा, नावावर जाऊ नका, सालागणिक बारीक फरक आहेत आणि "बसतंय ओ" म्हणून दिलेलं बसत नाही. रबर मात्र खूप जुना साठा घेऊ नका, पाकिटात बसूनही ते कडक होतं.

पार्ट्ससाठी दुसरी मोडकी गाडी घ्यावी का, असं मला तीन जणांनी सुचवलं. तुमच्याकडे शेड असेल तर घ्या. सोसायटीत राहत असाल तर नका, एका गाडीवरून सेक्रेटरी बोलतात ते पुरे.

कागदांचा खर्च लोक बजेटमध्ये धरतच नाहीत. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीला त्याची फी १०,००० रुपये झाली आहे, शिवाय पर्यावरण कर वेगळा. पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, २०२१ च्या नियमाने, २०,००० रुपये फी, दहा वर्षं चालते, नंबरात व्हीए अक्षरं येतात. पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही, त्यामुळे आईला वाईला न्यायची असेल तर उपयोग नाही. माझी १९८४ ची, अजून बसतही नाही. तर गाडीच्या हिशोबात वर्षाला दोन-अडीच हजार कागदाचे बाजूला टाकतच चला, पाचव्या वर्षी एकदम अंगावर येत नाहीत.

मिस्त्रीशी कसं बोलायचं यावर एवढंच, की माझं आणि नानांचं आता ठरलंय. आधी दाखवायचं, मग खोलायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तो बदल घेऊन एकदा घाट चढून यायचं, मगच पुढची. काढलेला पार्ट मला परत द्यायचा (माझी जुनी कॉइल अशीच परत मागितली, लावून बघितली, उत्तम चालते, आता डिकीत स्पेअर म्हणून आहे). आणि निदान करायचे पैसे मी वेगळे देते, तासाचे. याचा नानांना सुरुवातीला राग आला, पार्ट न टाकता पैसे कसले म्हणाले. पण विचार करा, पार्ट टाकल्याशिवाय मिस्त्रीला काहीच मिळत नसेल तर तो पार्टच टाकणार ना, त्याने तरी काय करावं. बाटली लावून एक तास शोधणाऱ्याला ५०० रुपये द्या, आनंदाने द्या. एक वही पण ठेवलीय, तारीख, किलोमीटर, काय केलं, किती गेले, आणि त्यानंतर गाडी कशी वागली. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, बाबांच्या बिलांच्या फायलीत तोच नव्हता, नाहीतर टाकीच्या लेपाची गोष्ट मला आधीच कळली असती.

टाकीचं काम झाल्यापासून खंबाटकी अकरा वेळा झाली, एकदा वाईहून पुढे पसरणीचा घाट पाचगणीपर्यंत, भर दुपारी, चार माणसं. एकदाही नाही. फडक्याचा डबा आई अजून बरोबर घेतेच, आता त्यात लाडू असतात.

सध्या उजव्या पुढच्या दाराची काच खाली जाऊन वर येत नाही. नाना म्हणाले दाराचं आतलं पॅनल काढावं लागेल, आणि काढलंच आहे तर... एवढं म्हणून माझ्याकडे बघून गप्प बसले. शनिवारी काढतोय पॅनल. आत नुसती पट्टी सरकलीय की मशीनचे दाते गेलेत ते आधी बघणार, कोणाकडे चांगल्या अवस्थेतलं काचेचं मशीन उजव्या बाजूचं असेल तर सांगून ठेवा, पण अजून घेत नाहीये.